उतरलेल्या सेलांवरची ओवी

नेकनूरच्या पुढं एक वस्ती आहे. तिथला एक शेतकरी शुक्रवारी जळालेली मोटार घेऊन माझ्या दुकानात आला. बीडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी खोलायच्या, जळकी तार काढायची, नवी भरायची, हेच माझं तीस वर्षांचं काम. मोटार खाली ठेवता ठेवता तो सहज बोलून गेला, "आमच्या वस्तीवर ओव्या म्हणणारे म्हातारबा हायेत ना, त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. मंगळवारी आपरेशन हाय. डाक्टर म्हणला, जीव राहील, पण आवाज न्हाई राहायचा."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. "कोणते? ज्यांची धनगरी ओव्यांची कॅसेट निघालती, ते?"

"तेच की. कावून? ओळखता का तुमी?"

ओळखतो म्हणायला तोंड नव्हतं. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात मी त्या माणसाला एकदाच बघितलं होतं, आणि त्या एका वेळेला भर यात्रेत उभं राहून त्यांना नकली म्हणालो होतो. "ऐकून हाय," एवढंच म्हणालो आणि मोटारीचं झाकण खोलायला लागलो. पण त्या दिवशी स्क्रू काही हाताला लागेनात. मंगळवार म्हणजे मधे तीनच दिवस राहिले होते.

आम्ही मूळचे शिरूर कासार तालुक्यातले. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला निघायचे आणि मी त्यांच्या मागं. वडिलांना आम्ही बापू म्हणायचो, आईला माय. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी उभी करायची, की झालं सहा महिन्यांचं घर. त्या कोपीत चैनीची वस्तू एकच, बापूंचा टेप. आणि टेपमध्ये कॅसेट एकच, या म्हातारबांच्या ओव्यांची. तेव्हा ते पस्तिशीचे असतील. दुसरी कॅसेट घ्यावी असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता सेलांचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथं आहे. नवे सेल आले की ते टॉर्चमध्ये जायचे. तोडीला अंधारात जावं लागायचं आणि उसात सापकिरडू फार, म्हणून पहिला मान टॉर्चचा. टॉर्चचा उजेड पिवळा पडला की तेच सेल काढून दुपारभर उन्हात ठेवायचे, माझ्याकडून दातांनी चावून घ्यायचे आणि मग टेपमध्ये घालायचे. चावलेला सेल अजून दोन दिवस चालतो हे ऊसतोड्यांच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. आमच्या टेपच्या नशिबात नवा सेल कधीच आला नाही.

त्या टेपमधून जो आवाज यायचा, त्यानं मला वाढवलं, असं म्हणालो तरी चालेल. खोल, जड, अगदी संथ आवाज. एका ओवीत एक मेंढी मागं राहते, कळप पुढं निघून जातो, आणि राखणारी पोर कळपाला हाक मारते, 'थांब थांब रं कळपा, एक राह्यली माघारी.' त्यातलं 'थांब' इतकं लांबायचं की भाकरी थापता थापता मायचा हात थांबायचा. मला त्या वयात एकच भीती होती. आईबाप फडात गेले की मी दिवसभर कोपीत एकटा. टोळीला दुसऱ्या गावी हलायचं असलं की मुकादम येऊन एकाएकी सांगायचा आणि तासाभरात सगळं गाडीत भरायचे. एक दिवस हे लोक निघून जातील आणि मी मागं राहीन, असं मला रोज वाटायचं. भाकरी गळ्याखाली उतरायची नाही. पण त्या ओवीत कुणीतरी एका मेंढीसाठी आख्खा कळप थांबवत होतं. म्हणून मला ती रोज लागायची.

एकोणीस वर्षांचा असताना कळलं की ते आमच्या शेजारच्या गावाला यात्रेत येणार आहेत. मी दुपारी बारालाच जाऊन पुढं बसलो. ते आले, पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडी, ढोलवाले मागं. सुरू झाले आणि माझं डोकंच फिरलं. आवाज बारीक, वरचा, आणि पळतोय नुसता. 'थांब थांब' तर असं म्हणून टाकलं की कळप थांबायचा सोडून चौखूर उधळावा. लोक मात्र खूष, टाळ्या पिटतायत. मला वाटलं, कुणीतरी सोंग घेऊन आपल्याला फसवतंय. उठलो आणि ओरडलो, "हा त्यो न्हाई बे! नकली हाय!"

लोक फिदीफिदी हसले. ते थांबले. माझ्याकडं बघून त्यांनी उजव्या हाताचा तळवा उचलला आणि हवेतच दोनदा खाली दाबला. पळणाऱ्या लेकराला आपण 'हळू, हळू' म्हणतो ना, तसा. मग ढोलवाल्याला खूण करून पुढची ओवी घेतली. मी तिथून उठून आलो आणि वाटेत त्यांना शिव्या घालत आलो, खोटं कशाला बोलू.

पुढं बीडला रिवाइंडिंग शिकायला आलो. उस्तादाच्या दुकानात एकदा कौतुकानं बापूंचा टेप नेला आणि पहिल्यांदा भिंतीतल्या विजेच्या बटणावर लावला. तोच बारीक, पळता आवाज. उस्ताद म्हणाला, "आता बराबर वाजतोय बघ." विजेचा दाब कमी आला की मोटार मंद फिरते, हे त्यानं मला त्याच आठवड्यात शिकवलं होतं. टेपच्या आतसुद्धा मोटारच असते. नकली माणूस नव्हता. नकली माझे सेल होते.

तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. आधी शरम वाटली, मग राग आला. माणसाचा राग कुठं निघेल सांगता येत नाही. माझा त्या ओव्यांवरच निघाला. सेल उतरल्याचं कण्हणं मी देवाचा आवाज समजून बसलो होतो, असं वाटून कॅसेट पेटीच्या तळाशी टाकली. दहा वर्षं नाव घेतलं नाही.

पस्तिशीत मात्र गंमत झाली. दुकान माझं झालं होतं, लेकरं लहान होती, उन्हाळ्यात मोटारींची रांग लागायची. शेजारच्या चहावाल्याकडं त्याच ओव्या वाजायच्या, खऱ्या वेगात, आणि त्या तालावर माझा हात तारेवर भराभर चालायचा. मला तो पळता आवाज आवडायला लागला. उलट वाटायचं, लहानपणी आपण काय रडतराव होतो.

मग माय गेली. आणि मला पुन्हा तो संथ आवाज पाहिजे झाला, काय करू. कुणीतरी त्या ओव्या मोबाईलवर टाकलेल्या होत्या. मोबाईलमध्ये गाण्याचा वेग कमी करायची सोय असते, ती मला भाच्यानं दाखवली होती. दुकान बंद करून मी पाऊण वेगात ती ओवी ऐकायचो, चोरून. बायकोनं एकदा धरलं. म्हणाली, "गाणं ऐकताय का जात्यावर दळताय?" मी हसण्यावारी नेलं. पण मनात पक्कं होतं की आपण त्या माणसाच्या गळ्याशी खोटेपणा करतोय. एकदा भर यात्रेत केला, आता घरात बसून करतोय.

असा सगळा हिशेब डोक्यात घेऊन मी रविवारी सकाळी नेकनूरच्या गाडीत बसलो. एकदा पाय धरायचे आणि खरं काय ते सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. बायकोनं पिशवीत केळी दिली आणि बजावलं, "आजारी माणसाकडं चाललाय. काई मागू नका." दुसऱ्या पिशवीत बापूंचा टेप होता, दुरुस्त करून ठेवलेला, आत तीच कॅसेट, आणि दुकानातल्या जुन्या टॉर्चमधले उतरलेले सेल. गाडीत नुसती धास्ती होती. ते हाकलून देतील का, आपण उशिरा तर पोचणार नाही ना. म्हणून वाटभर मोबाईलवर त्यांचीच ओवी ऐकत गेलो. उतरलो तेव्हा मोबाईलमध्ये नऊ टक्के राहिले होते.

घर पत्र्याचं, दारात शेरडं. म्हातारबा बाजेवर बसलेले, गळ्याभोवती मफलर. फेटा नव्हता, म्हणून ओळखायला क्षणभर वेळ लागला. त्यांची बायको उंबऱ्याशी ज्वारी निवडत होती. मी मावशी म्हणून हाक मारली आणि कोण, कुठला ते सांगितलं. मावशींनी वर न बघता सांगितलं, "त्यांनी बोलायचं न्हाई. डाक्टरनं बजावलंय. पाणी घ्या, बसा घडीभर आन् निघा."

मी पाय धरले. म्हणालो, "बाबा, पस्तीस वर्षांमागं यात्रेत एक जण तुमाला नकली म्हणून वरडला होता. त्यो मी."

त्यांनी मला निरखून बघितलं. मग घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "एकच जण व्हय? लई जण वरडलेत मला. तू कोणच्या गावचा?"

"बोलू नका म्हणलं ना," मावशी म्हणाल्या.

मी मग भडाभडा सगळं सांगितलं. कोपी, टॉर्च, चावलेले सेल. बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून टेप काढला, सेल घातले आणि बटण दाबलं. तो आवाज आला. खोल, जड. 'थांब' लांबत लांबत गेलं.

मावशींचा ज्वारीतला हात थांबला. आणि बघता बघता त्यांनी पदर ओढून डोक्यावर घेतला, घरात वडीलधारं माणूस आल्यावर घेतात तसा. "मामंजी," त्या हळूच म्हणाल्या. "अवो, हे तर मामंजी हायेत."

म्हातारबा बाजेवरून पुढं वाकून ऐकत होते. ओवी संपली तरी तसेच. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानाशी तुटक तुटक सांगितलं. ओवी त्यांच्या बापाची. बाप अशीच म्हणायचा, याच चालीनं. कॅसेट काढणाऱ्या शेटनं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, म्हणाला, एका बाजूत एवढंच मावतं, पळव. त्यांनी पळवली. कॅसेट घरी आली तेव्हा बापानं ऐकली आणि म्हणाला, "मेंढरं पळवली की गाभण्या मेंढ्या गाभ टाकत्यात. ओवीचं बी तसंच हाय." बाप त्याच वर्षी गेला. कॅसेट मात्र गावोगाव गेली आणि जिथं जावं तिथं लोकांना तीच पळती ओवी पाहिजे असायची.

"मंद कुणी मागितलीच न्हाई," ते म्हणाले. "तू मागतो का?"

मावशी उठून उभ्या राहिल्या. "अजिबात न्हाई. परवा आपरेशन हाय, कळतंय का तुमाला काई?"

मला नको म्हणता आलं असतं. हे मी स्वतःला रोज सांगतो. बायकोनं बजावलेलं कानात होतं, मावशी समोर उभ्या होत्या, माणसाच्या गळ्यात गाठ होती. पण मंगळवारनंतर हा आवाज जगात कुठं मिळणार नव्हता, आणि मी काहीच बोललो नाही. खिशातून मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्यांनी डोळे मिटले. पहिली हाक आली. आवाज फाटलेला होता, वारा जास्त आणि सूर कमी, पण चाल तीच, माझ्या कोपीतली. दुसरी ओळही तशीच संथ. तिसऱ्या ओळीला मात्र त्यांनी कुणास ठाऊक का, चाल वाढवली. श्वास पुरेना. चौथ्या ओळीच्या 'थांब'वर जोराचा ठसका लागला, आणि ठसका थांबेचना. मावशींनी त्यांच्या तोंडाला टॉवेल लावला. तो बाजूला घेतला तेव्हा त्यावर रक्त होतं.

मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "निघा तुमी."

मी निघालो. टेप तिथंच राहिला, घ्यायचं भानच नव्हतं.

मंगळवारी दुपारी त्या शेतकऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आपरेशन पुढं गेलं. रक्त थांबंना म्हणून डाक्टर नको म्हणला." त्यानंतरचे बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. एका मोटारीची तार उलटी भरली. एका गिऱ्हाइकाला भलत्याचीच मोटार देऊन टाकली. जेवताना घास हातात घेऊन बसून राहायचो. गाठ फुटली असेल का, उशीर झाल्यामुळं पसरेल का, हेच. रोज त्या शेतकऱ्याला फोन. शेवटी तो बिचारा उचलेनासा झाला. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "गिऱ्हाइकाला तुमीच सांगता ना, मोटार तापली की बंद करा, जळंल म्हणून? आन् तुमी काय केलं?" ते रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये होतं, पण ऐकायची हिंमत झाली नाही. पुसून टाकायचीही नाही.

तेराव्या दिवशी ऑपरेशन झालं. जीव वाचला. महिन्याभरानं ते घरी आले असं कळलं आणि मी पुन्हा नेकनूरची गाडी धरली. या वेळी वाटेत मोबाईल बाकी कशाला वापरला असेल, पण ओवी ऐकली नाही. मनात एकच होतं, माफी मागायची आणि त्यांनी सांगितलं तर रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर पुसायचं.

म्हातारबा त्याच बाजेवर होते. गळ्याला पांढरी पट्टी आणि मधे श्वासाची नळी. पार वाळले होते. बापूंचा टेप त्यांच्या उशाशी होता. मावशी दारातच होत्या.

"मावशी, चूक झाली," मी म्हणालो. "माझ्यापायी त्यांना तरास झाला."

"झाला," त्या म्हणाल्या. "रक्त आधीबी येत व्हतं. पण त्या दिवशी लई आलं." आणि मला आत येऊ दिलं.

म्हातारबांनी मला बघितलं आणि कानाला हात लावून खूण केली. लाव. मी मोबाईल काढला. बाजेवर त्यांच्या गुडघ्याशी ठेवला आणि पहिल्यांदाच ते रेकॉर्डिंग लावलं.

आधी शेरडांचा आवाज. मग पहिली हाक. मग दुसरी ओळ, संथ, लांब. आणि दुसरी संपायच्या आत एक भलताच आवाज मधे घुसला, मोठा, घाईचा, मोबाईलच्या अगदी जवळचा. "बाबा, जरा लवकर घ्या. मोबाईल बंद पडंल."

तो आवाज माझा होता.

मला हे आठवत नव्हतं. शप्पथ घेऊन सांगतो, मी असं बोललो हे मला ठाऊकच नव्हतं. नऊ टक्क्यांच्या भीतीनं तोंडातून निघून गेलं असणार. आणि त्याच्या पुढचं मोबाईलमध्ये स्वच्छ ऐकू येत होतं. तिसरी ओळ पळायला लागली. मी पळवली म्हणून पळायला लागली. श्वास अपुरा, चौथी ओळ, ठसका. मला नको नको झालं. बंद करायला हात पुढं केला तर म्हातारबांनी माझं मनगट धरलं. खोकला, मावशींचं ओरडणं, टॉवेल, सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

ते संपल्यावर मी मान वर केली नाही. शेटकडं निदान घड्याळ तरी होतं. मी चौपन्न वर्षांचा बाप्या, जन्मभर ज्या संथ ओवीसाठी झुरलो, ती समोर आल्यावर मी पण पळवच म्हणालो होतो.

माझं मनगट सोडून म्हातारबांनी उजवा तळवा उचलला आणि हवेत दोनदा खाली दाबला. हळू, हळू. यात्रेत केली होती तीच खूण. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मग बोट गोल फिरवून सांगितलं, पहिल्यापासून.

मी मोबाईल उचलला. मावशींनी तो माझ्या हातातून घेतला आणि भिंतीवरच्या फळीवरून त्यांच्या घरचा चार्जर काढून त्याला लावला. वायर बाजेपर्यंत ओढून दिली. "आता कसली घाई हाय तुला," त्या म्हणाल्या. "लाव निवांत."

मी ओवी पुन्हा लावली. पहिली हाक आली आणि मावशींनी पदर डोक्यावर घेतला.